वर्तनविकार असलेल्या किशोरांसोबत काम सुरू करताना

ठाणे-नवी मुंबई परिसरात किशोरवयीन मुलांसोबत काम करू इच्छिणाऱ्या नव्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांसाठी हा अनुभव लिहीत आहे. वर्तनविकाराचे, म्हणजे मारामारी, चोरी, नियमभंग असे वागणे वारंवार दिसणाऱ्या विकाराचे, निदान करणे तुलनेने सोपे असते. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेतील १५ निकषांपैकी किमान ३ गेल्या १२ महिन्यांत, त्यांतील किमान एक गेल्या ६ महिन्यांत आणि त्यामुळे दैनंदिन जीवनात ठळक अडथळा, एवढे दिसले की निदानाची चौकट पूर्ण होते. खरे कौशल्य लागते ते त्याच मुलात आणखी काय चालले आहे, हे शोधण्यात. मारामारी आणि चोरी यांचा गोंगाटच इतका असतो की त्यामागचे नैराश्य, अवधानदोष (एडीएचडी), जुना आघात किंवा अध्ययन अक्षमता कोणाच्या कानांवर पडत नाही.

वागळे इस्टेट भागातील एका पंधरा वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आईने शाळेच्या तक्रारींची फाइलच टेबलावर ठेवली आणि वडील ‘आता तुम्हीच काय ते समजवा, मॅडम’ एवढेच बोलले. दोघांना बाहेर बसवून झोपेबद्दल विचारले, तेव्हा पहाटेपर्यंत गॅलरीत बसून असतो, असे तो खाली मान घालून म्हणाला. किशोरवयात नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसते. म्हणून आत्महत्येच्या विचारांबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत विचारावे; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. नशेबद्दलही मुलांच्या बोलीतच विचारावे. ‘व्यसन आहे का’ या प्रश्नाला नकारच येतो, पण व्हाइटनर किंवा ‘बटन’ (नशेसाठी घेतलेल्या झोपेच्या गोळ्या) म्हटले की मुले बोलू लागतात. झोपेच्या गोळ्यांची सवय जडली असेल, तर त्या एकदम बंद केल्याने झटके येऊ शकतात, त्यामुळे तिथे मनोविकारतज्ज्ञाला तातडीने सोबत घ्यावे.

उपचारांचा क्रम मी असा ठरवते: आधी जिवाचा धोका आणि नशा, त्यानंतर नैराश्य किंवा अवधानदोष, आणि पालकांसोबतचे काम मात्र पहिल्या दिवसापासून. अवधानदोषावर मेथिलफेनिडेटसारखे औषध लागू पडले, तर आक्रमकताही अनेकदा उतरते. रिस्पेरिडोन हे तीव्र आक्रमकतेसाठी, इतर उपाय अपुरे पडल्यावर आणि मर्यादित काळ वापरण्याचे औषध आहे. वजन आणि रक्तातील साखर तपासत राहावे लागते. औषधांचा निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा असला, तरी मुलगा दर आठवड्याला आपल्यासमोर बसतो, त्यामुळे बदल टिपण्याची जबाबदारी आपलीच.

पालकांना सामान्य उपदेश देऊन काही साधत नाही. ‘नीट वाग’ ही सूचना पाळली की नाही, हे कोणालाच ठरवता येत नाही; ‘रात्री दहाला मोबाइल फ्रिजवर ठेव’ ही पाळली की लगेच दिसते, आणि दिसताक्षणी दाद देता येते. शिक्षा लहान, ठरलेली आणि त्याच दिवशी संपणारी असावी. वडील पाळीत काम करत असतील, तर त्यांच्या साप्ताहिक सुटीला सत्र ठेवावे. केवळ आईवर भिस्त ठेवलेली योजना टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

अशा मुलांचा एकत्र गट करून समुपदेशन करण्याचा प्रस्ताव शाळांकडून हमखास येतो. थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ सालीच दाखवून दिले की अशा गटांत मुले एकमेकांच्या बेदरकारपणाला दाद देतात आणि वर्तन बिघडू शकते. त्यापेक्षा अशा मुलाला जबाबदार मोठ्या मुलांच्या संगतीत काम मिळावे. (वर्गात न टिकणारा मुलगा गणपतीत मंडळाची वायरिंग चोख सांभाळतो, हे मी पाहिले आहे आणि मुख्याध्यापकांना आवर्जून सांगते.)

गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगाव्यात. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक असते, हे मुलाला नंतर कळले तर विश्वास कायमचा जातो. दोन सत्रांमधील अडचणीच्या रात्रींसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक पालकांच्या आणि मुलाच्या, अशा दोन्ही मोबाइलमध्ये आपल्यासमोर सेव्ह करून घ्यावेत.