‘लाँच’ की ‘गो लाइव्ह’?
उद्यमनगरातल्या फाउंड्रीला बिलिंगचं नवं सॉफ्टवेअर देताय आणि मेल इंग्रजीत लिहायचाय? मग सरसकट ‘लाँच’ लिहू नका. लाँच म्हणजे गाजावाजा करून बाजारात आणणं. नवी आवृत्ती वापरायला खुली केली की ‘रिलीज’. आधी ऑफिस, मग गोडाऊन, असं टप्प्याटप्प्यानं देणार असाल तर ‘रोल आउट’. आणि ज्या सोमवारी खरी बिलं त्यावर निघू लागतील, तो दिवस ‘गो लाइव्ह’चा. इथं मात्र हमखास चूक होते: ‘वुई विल गो लाइव्ह द सॉफ्टवेअर’. गो लाइव्हला कर्म चालत नाही. ‘द सॉफ्टवेअर विल गो लाइव्ह ऑन मंडे’ असं लिहा. तारीख कळवताना तर हा फरक पाळाच. नाहीतर ‘लाँच’ वाचून ग्राहक त्याच दिवशी जुनं बिलबुक कपाटात टाकायचा.