जुन्या रिव्हॉल्वरचं वय कसं काढायचं? म्युझियम कॅटलॉगिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

म्युझिऑलॉजी करून बाहेर पडलेल्या मुलामुलींना शस्त्र विभाग मिळाला की पोटात गोळाच येतो. नाणी, मूर्ती, लघुचित्रं यावर बडोद्यापासून मुंबईपर्यंत सगळीकडे शिकवतात, पण रिव्हॉल्वरवर फार तर अर्धा तास. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे सुरुवातीला मला कुणीतरी सांगायला हवं होतं ते इथे लिहितोय.

आपल्याकडच्या जुन्या संग्रहांत जास्त करून ब्रिटिश माल असतो, म्हणजे वेब्ली (खाजगी कंपनी) आणि एनफिल्ड (सरकारी कारखाना). म्हणून कोल्ट, स्मिथ अँड वेसन नंतर बघा, आधी हे दोन पक्के करा.

वेब्लीची .४५५ कॅलिबरची (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, इंचात) लष्करी मालिका मार्क १ पासून मार्क ६ पर्यंत, १८८७ ते १९१५; मार्क म्हणजे आवृत्ती. नळी आणि सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं चक्र) पुढे मोडून उघडायचं, की सगळी काडतुसं एकदम बाहेर, ही रचना सहाही मार्कमध्ये तीच, त्यामुळे नवीन माणसाला सगळी सारखीच दिसतात. फरक पार्टमध्ये आहेत. मार्क २ ला हॅमर (काडतुसावर आपटणारा घोडा) आणि मुठीचा आकार बदलला आणि सिलिंडरच्या मागे जिथे स्फोटाचा धक्का बसतो तिथे कडक पोलादाची प्लेट आली. मार्क ४ हा १८९९ चा, बोअर युद्धाच्या वेळचा, त्याचं पोलाद बरंच चांगलं. मार्क ५ १९१३ चा, नव्या बिनधुराच्या दारूसाठी सिलिंडर ०.१२ इंच जास्त रुंद, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. हे डोळ्याला कळत नाही हो, व्हर्नियर (बारीक मोजमापाचा कॅलिपर) लावा. मार्क ६ मात्र लांबून ओळखू येतो, ६ इंची नळी आणि पक्ष्याच्या चोचीसारख्या गोल मुठीऐवजी चौकोनी मूठ. पण नुसती ६ इंची नळी बघून मार्क ६ लिहून मोकळे होऊ नका, मार्क ५ पण थोडे ६ इंचीत निघाले होते, मूठ बघा.

आता मुद्द्याचं. रिव्हॉल्वरला एक तारीख नसते, अनेक असतात. लष्कराचं हत्यार दुरुस्तीला गेलं की त्यात त्या वेळचा नवा पार्ट बसवून परत पाठवायचे, कधी नळी बदलली, कधी सिलिंडर, कधी हॅमर. मार्क १ ला मार्क २ च्या बरोबरीला आणलं की त्याचं नाव मार्क १ आणि पुढे एक तारा. म्हणून मार्कच्या पुढे तारा दिसला की आधी विचार करायचा, हे असंच जन्मलंय की नंतर बदललंय?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे एनफिल्ड नंबर २, कॅलिबर .३८, लष्करात आलं १९३२ ला. फ्रेमवर (म्हणजे मुख्य सांगाड्यावर) उजव्या बाजूला, हॅमरच्या खाली, एनफिल्ड, मार्क आणि साल सरळ ठोकलेलं असतं, त्यामुळे नवीन माणूस खूश होतो की चला, काम झालं. माझ्यासमोर एक आलं होतं, साल १९३६, पण हॅमरला अंगठ्याने ओढायचा खुंटा नाही आणि दस्ता (मूठ) प्लास्टिकचा, अंगठा टेकायला खोबण असलेला. बिनखुंट्याचा हॅमर १९३८ ला आला, कारण रणगाड्यातून चढता उतरताना तो खुंटा कुठेतरी अडकायचा, आणि मग जुनी पिस्तुलं (सैनिक सगळ्यालाच पिस्तूल म्हणतात, तुम्ही रजिस्टरमध्ये तसं लिहू नका) दुरुस्तीला येतील तशी बदलत गेले. या बदलाची खूण म्हणून मार्कच्या पुढे तारा ठोकत, आणि टॉर्च आडवी धरून बघितलं तर माझ्यासमोरच्या हत्यारावर तो तारा बाकीच्या अक्षरांपेक्षा उथळ आणि किंचित तिरका, म्हणजे नंतर वेगळ्या हाताने ठोकलेला. मग नोंद अशी झाली: फ्रेम १९३६, हॅमर बदल १९३८ किंवा नंतर, दस्ता बहुतेक युद्धकाळातला.

दोन तारे असतील तर १९४२ ची घाईची आवृत्ती, त्यात हॅमरचा सेफ्टी स्टॉपच (चुकून बार उडू नये म्हणून असलेला अडसर) गाळला होता. युद्धानंतर तो बहुतेकांना परत बसवला, त्यामुळे दोन तारेवाला मूळ अवस्थेत सापडणं कठीण. एनफिल्डऐवजी अल्बियन असं नाव असेल तर ते ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सने केलेलं, १९४१ ते ४३.

वेब्लीचंही स्वतःचं .३८ मार्क ४ आहे (वरचा १८९९ चा .४५५ मार्क ४ वेगळा), ते आणि एनफिल्ड जुळी भावंडं वाटतात. कारण डिझाइन मुळात वेब्लीनेच दाखवलं होतं आणि सरकारने ते उचलून एनफिल्डला बनवलं, वेब्ली भांडली आणि शेवटी १२५० पौंडांवर मिटलं, जे मला विचाराल तर फारच कमी होतं. ओळखायची खूण सोपी: एनफिल्डला निघणारी साइड प्लेट असते, वेब्लीला नसते. वेब्लीवर ‘वॉर फिनिश’ ठोकलेलं दिसलं तर ते दुसऱ्या महायुद्धातलं, आणि पॉलिश खरखरीत आहे म्हणून नकली समजू नका.

सरकारी नाही तर खाजगी खरेदीचं असेल तर कंपनीच्या नावाकडे बघा. पी. वेब्ली अँड सन म्हणजे १८९७ च्या आधीचं, मग विलीनीकरण होऊन लांबलचक वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्वर अँड आर्म्स कंपनी, आणि १९०६ पासून नुसतं वेब्ली अँड स्कॉट. नळीच्या वर दुकानाचं नावही असतं. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी हे आपल्याकडे बऱ्याचदा दिसतं, त्यांचं मुंबईचं दुकान काळा घोड्याला होतं, इमारत अजून उभी आहे. पण दुकानाचं नाव म्हणजे विक्रीचा पत्ता, बनवल्याची तारीख नाही, आणि लंडनला घेऊन बोटीवर चढलेला साहेबही असू शकतो.

कामाच्या सवयी थोडक्यात सांगतो. हात लावायच्या आधी आर्मररकडून (शस्त्रं सांभाळणाऱ्या कारागिराकडून) किंवा जबाबदार माणसाकडून रिकामं असल्याची खात्री, दर वेळी. जुनं आहे म्हणून लायसन्सचा प्रश्न नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चालू हत्याराला लागूच आहे. ब्रासो, काथ्या, स्टील वूल अजिबात नाही, एकदा शिक्का घासला गेला की पुरावा गेला. आधी जे दिसतं ते जसंच्या तसं लिहायचं, तुटक्या अक्षरासकट, आणि अर्थ वेगळ्या रकान्यात. सिरियल नंबर फ्रेम, नळी, सिलिंडर तिन्हीवर शोधा, जुळले नाहीत तर तेही लिहा, लपवू नका.

वेब्लीच्या सिलिंडरचा मागचा भाग तासलेला दिसला तर ते अमेरिकेत फिरून आलंय असं समजा. तिथे लष्कराने विकून टाकलेल्या मार्क ६ चे सिलिंडर कापून त्यात .४५ एसीपी ही अमेरिकन काडतुसं क्लिपसकट बसवायचे. अशा सिलिंडरवरून मूळ मोजमाप काढायला जाऊ नका.

लोक घरचे फोटोही पाठवतात, सातारा कोल्हापूरकडून जास्त, “पणजोबांनी पहिल्या महायुद्धात वापरलेलं” असं म्हणून, आणि फोटोत एनफिल्ड नंबर २. १९३२ च्या आधी ते नव्हतंच. सरळ सांगा, पण प्रेमाने, आणि आजोबांचं सर्व्हिस रेकॉर्ड आहे का ते विचारा, बऱ्याचदा ते दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबांचं निघतं. कधी कधी तर ते कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर असतं, जे वेब्लीच्या .३८ मार्क ४ वरूनच बनवलंय, म्हणून दिसायला तसंच. शिक्का वाचल्याशिवाय फोनवर काही बोलू नका.