मोटारसायकलला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवताना

कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलचे बोल्ट बघता बघता गंजतात, त्यामुळे त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र जो गंजत नाही तो बोल्ट अधिक मजबूतही असतो, ही समजूत चुकीची आणि धोक्याची आहे. ज्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो तो पोलादी बोल्ट सुमारे ६४० मेगापास्कल ताण सोसून पुन्हा मूळ लांबीवर येतो, तर बाजारात सहज मिळणारा ए२-७० प्रतीचा स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कलच्या आसपासच कायमचा ताणला जातो. म्हणून ब्रेक कॅलिपर, डिस्क, चाकांचे ॲक्सल, हँडल, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हात) आणि इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे बोल्ट बदलायचे झाल्यास कंपनीने दिलेल्या प्रतीचेच घ्यावेत. येथे तडजोड नको. मडगार्ड, साइड पॅनेल, चेनगार्ड, नंबरप्लेट आणि इंजिनाची बाहेरची कव्हरे यांना स्टेनलेस चालते.

क्लच कव्हरचे उदाहरण घेऊ. त्याचे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटर जाडीचे आणि १ मिलिमीटर पिचचे (म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराचे) असतात, पण सगळ्यांची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढावी, भोके पाडावीत आणि काढलेला प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवावा. नवा बोल्ट डोक्याखालून मोजून अगदी तेवढ्याच लांबीचा घ्यावा. तो लांब निघाला तर बंद भोकाच्या तळाला टेकतो आणि कव्हर न आवळता केसिंगलाच तडा जाऊ शकतो. आखूड निघाला तर ॲल्युमिनियमचे मोजकेच आटे सगळा भार पेलतात आणि उखडून येतात. किमान ९ मिलिमीटर आटे आत गुंतलेले असावेत. भोकात तेल साचलेले असल्यास तेही आधी पुसून काढावे, कारण बंद भोकातले तेल दाबले जात नाही.

स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्याच नटात कोरडा आणि घाईने फिरवला तर दोघांचे आटे एकमेकांत रुततात. मग नट मागेही येत नाही आणि पुढेही जात नाही, शेवटी कापावाच लागतो. ॲल्युमिनियममध्ये बसवताना भीती वेगळी असते: आट्यांत खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. दोन्हींवर उपाय एकच, आट्यांना अँटी-सीझ पेस्टचा पातळ थर. ज्या बोल्टला थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावायचा असेल त्याला ही पेस्ट लावू नये.

पेस्टमुळे घर्षण घटते, म्हणून तोच टॉर्क (आवळताना दिलेला पिळाचा जोर) दिल्यास बोल्टवर अधिक ताण येतो. मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्यांसाठी १० न्यूटन-मीटर सांगितले असेल तर साधारण ८ वर थांबावे. पहिले काही वेढे हातानेच द्यावेत. अडखळल्यास जोर न लावता बोल्ट मागे घेऊन पुन्हा सरळ धरावा. मग सर्व बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आधी अर्ध्या टॉर्कवर आणि नंतर पूर्ण टॉर्कवर आवळावेत. एवढ्या लहान बोल्टांसाठी, ठरवलेला टॉर्क आला की 'टक्' वाजणारा पाव इंची टॉर्क रेंच हवा. मोठ्या रेंचचा 'टक्' असा आवाज येईपर्यंत आटे गेलेले असतात. आवाज आल्यावर आणखी थोडे पिळण्याचा मोह टाळावा. काही फेऱ्या झाल्यावर, इंजिन थंड असताना, कव्हरच्या कडेने तेल झिरपते का ते पाहावे आणि तोच टॉर्क लावून बोल्ट एकदा तपासावेत.