घोडीला म्हशीचा हिशेब लावू नका : माघ-फाल्गुनातल्या वेतांसाठी सल्ला

दत्तजयंतीच्या सारंगखेडा (जि. नंदुरबार) यात्रेतून गाभण घोडी आणलेल्यांची लगबग आता सुरू होईल. घोडी साधारण ३४० दिवस गाभण राहते, पण ३२० ते ३६५ दिवसांत कधीही विऊ शकते. त्यामुळे विकणाऱ्याने सांगितलेल्या तारखेपेक्षा कासेवर नजर ठेवा. कास दोन ते चार आठवडे आधी भरू लागते. सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळसर थेंब चिकटलेले दिसले की बहुतेक घोड्या एक-दोन दिवसांत वितात. काही घोड्या मात्र हे चिन्ह न दाखवताच वितात.

आपल्याकडे गोठ्यात म्हशी असतात, घोडी एखाद्याच घरी. साहजिकच म्हशीचे अंदाज घोडीला लावले जातात आणि त्यातच शिंगरू हातचे जाते. घोडीचे सगळे झटपट असते. बहुतेक घोड्या रात्रीच वितात, आणि पाण्याची पिशवी फुटल्यावर २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवे. अर्धा तास उलटला तर वाट पाहत बसू नका, डॉक्टरला बोलवा. नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे, तरी घोड्यांचा सराव असलेला डॉक्टर जवळपास कोण, हे वेत लागण्याआधीच विचारून घ्यावे.

पुढचे दोन पाय थोडे मागेपुढे, खुरांचे तळवे खाली आणि गुडघ्यांवर टेकलेले नाक, ही सरळ वेताची खूण. आधी पांढरट-निळसर पडदा दिसतो. त्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर आली तर वार वेळेआधी सुटली आहे आणि आत शिंगराचा श्वास कोंडतो आहे. अशा वेळी फोन लावत बसू नका. ती पिशवी तिथल्या तिथे फाडा, घोडीच्या कळेबरोबर शिंगरू ओढून घ्या आणि मग फोन करा.

घोडी आणि शिंगरू थोडा वेळ निवांत पडून राहिले तर राहू द्या. नाळ कापू नका, घोडी उठली की ती आपोआप तुटते. नाळेचे टोक ०.५ टक्का क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात बुडवा, दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन दिवस. बेंबीतून शिरलेला जंतू सांध्यात जाऊन बसतो, मग पाय सुजतो आणि शिंगरू लंगडते. अंथरायला गव्हाचे काड किंवा नवापूरकडून मिळाला तर भाताचा पेंढा घ्या, पण स्वच्छ आणि कोरडा.

एका तासात शिंगरू उभे राहावे, दोन तासांत प्यायला लागावे, तीन तासांत घोडीची वार पडावी. म्हशीची वार पडायला आठ-दहा तास लागले तरी आपण निर्धास्त असतो. घोडीची वार तीन तासांनंतर आत राहिली तर गर्भाशय नासते, विष अंगात भिनते आणि खुरांना सूज येऊन घोडी कायमची लंगडी होऊ शकते. लोंबणारी वार ओढू नका, पायाखाली येऊ नये म्हणून गाठ मारून वर बांधा. पडल्यावर जमिनीवर पसरून बघा. ती पायजम्यासारखी दिसते. तिच्या दोन्ही पायांची टोके शाबूत हवीत. एक टोक फाटून आत राहिले असेल तर डॉक्टरला दाखवा.

चिकाबद्दल, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधाबद्दल, मात्र ठासून सांगायला हवे. शिंगरू जन्मतः रोगप्रतिकारशक्तीशिवाय येते, सगळी मदार चिकावर. पहिल्या सहा-आठ तासांत एक-दीड लिटर चीक पोटात गेलाच पाहिजे, कारण दिवसभरानंतर आतड्यातून ती शक्ती शोषली जात नाही. घोडीला यात्रेतून आणून लगेच विऊ देऊ नये तेही याचसाठी : वेताच्या किमान महिनाभर आधी ती आपल्या तबेल्यात असली, तर इथल्या जंतूंविरुद्धची ताकद तिच्या चिकात उतरते. धनुर्वाताची लस महिनाभर आधी द्या. घोड्याला हा रोग फार लवकर धरतो.

शिंगरू सडापाशी उभे दिसते म्हणून समाधान मानू नका. त्याच्या कपाळावर दूध वाळलेले आणि घोडीची कास तट्ट असेल, तर ते धडका देते आहे पण पीत नाही. पाहुणे मात्र आधी भोवरे आणि देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) शोधतात! देवमण आठ दिवसांनी पाहिला तरी चालेल. काळी, चिकट पहिली लीद २४ तासांत पडायला हवी. शिंगरू शेपटी उडवत कुंथत असेल तर डॉक्टरला सांगा. आठ-दहा दिवसांनी घोडी माजावर येते आणि नेमके त्याच सुमारास शिंगराला पातळ होते. पीत असेल, उड्या मारत असेल तर घाबरू नका. मलूल झाले तर थांबू नका.

चैत्र-वैशाखात पारा ४२-४३ वर चढतो. दुपारी मायलेकांना पत्र्याखाली नाही, झाडाखाली किंवा ओलसर गोणपाट टाकलेल्या छपराखाली ठेवा. दूध देणारी घोडी पाणी जास्त पिते, तिचा हौद कोरडा पडू देऊ नका.

खाद्यातही गोठ्याची सवय मोडा. बुरशी लागलेला मका घोड्याचा मेंदू नासवतो आणि त्यावर इलाज नाही. कोंबड्यांच्या आणि काही जनावरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध असते, ते घोड्याला थोडेसेही जीवघेणे. सरकी पेंड शिंगराला नको, कोवळी हिरवी ज्वारी तर नकोच. दादर ज्वारीचा कोरडा कडबा, लसूणघास, ओट आणि थोडा भिजवलेला हरभरा पुरे. दुसऱ्या महिन्यापासून शिंगराला वेगळी मूठभर चंदी (दाण्याचा खुराक) द्या, जंताचे औषध डॉक्टरच्या सल्ल्याने.

दूध पाचव्या-सहाव्या महिन्यात तोडा. म्हणजे श्रावण-भाद्रपद, नेमका रक्त पिणाऱ्या माश्यांचा काळ. ताप येतो-जातो, पायांना सूज येते, खाऊनही अंग झडते, असे दिसले तर या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगासाठी रक्त तपासून घ्या.