ओव्हन न लावता ख्रिसमसची पेपरमिंट बार्क आणि पॅटी

अमेरिकेत डिसेंबर उजाडला की दुकानात पाऊल टाकल्याबरोबर पेपरमिंटचा वास येतो. कॉफीत पेपरमिंट, आइस्क्रीममध्ये पेपरमिंट, मेणबत्त्यांनाही तोच वास. आपल्यातल्या पुष्कळांना हा वास गोडाचा वाटत नाही. ओव्याचं फूल, कापूर आणि पिपरमिंट घालून केलेली अमृतधारा पोटदुखीवर देणाऱ्या घरात जो वाढला, त्याची जीभ चॉकलेटात हा वास आला की आधी बिचकते. माझ्या सासूबाई पहिला तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या होत्या, "अगं, औषध लागतंय गं हे." आता डिसेंबरात आल्या की त्याच डबा शोधतात. पेपरमिंट मापात पडलं की त्याचं औषधपण जातं आणि कडसर चॉकलेटच्या मागून नुसता गारवा येतो. म्हणून खाली मी पेपरमिंटच्या मापाबद्दल जरा जास्तच बोलणार आहे.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. शेजारी, मुलांच्या बसचे ड्रायव्हर, टपाल आणणाऱ्या बाई, ग्रंथालयातली मंडळी, या सगळ्यांना ख्रिसमसला काहीतरी हातचं द्यायचं असतं, आणि कुकीजचे घाणे काढत बसायला कामाच्या दिवसांत वेळ नसतो. बार्क (डार्क आणि पांढऱ्या चॉकलेटची दोन थरांची लादी, वरून पेपरमिंट गोळ्यांचे तुकडे) आणि पॅटी (पेपरमिंटच्या सारणाची चॉकलेटात बुडवलेली चकती) हे दोन पदार्थ एका संध्याकाळी होतात. गॅससुद्धा लागत नाही, मायक्रोवेव्ह पुरतो.

आधी सामान. पेपरमिंट दोन रूपांत मिळतं, अर्क आणि तेल. अर्क म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं तेल. तेल त्याच्या साधारण चौपट तीव्र, म्हणजे जिथे एक छोटा चमचा अर्क तिथे पाव चमचा तेल. चॉकलेटमध्ये नेहमी तेल वापरा, कारण अर्कात थोडं पाणी असतं आणि वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचा थेंबही खपत नाही. बाटलीवर खाण्यासाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. वास घ्यायला किंवा चोळायला म्हणून विकतात ती तेलं यात घालू नका. आपल्याकडच्या दुकानात मिळणारे पिपरमिंटचे खडेही नकोत. ते जवळजवळ निव्वळ मेंथॉल असतं, त्याचं माप घरच्या चमच्याने धरता येत नाही. आणि 'मिंट' एवढंच लिहिलेली बाटलीही घेऊ नका. तिच्यात बहुतेक वेळा स्पिअरमिंट, म्हणजे आपल्या चटणीतल्या पुदिन्याची चव मिसळलेली असते. पुदिन्याची चव कार्व्होनची आणि पेपरमिंटची मेंथॉलची. जिभेला गार वाटतं ते मेंथॉलमुळे.

पांढरं चॉकलेट घेताना पाकीट उलटून घटक वाचा. कोको बटर लिहिलेलं असेल तर ते खरं पांढरं चॉकलेट. इथल्या नियमाप्रमाणे त्यात किमान २० टक्के कोको बटर असावंच लागतं. बेकिंग चिप्स म्हणून जे पांढरे दाणे विकतात त्यांत पुष्कळदा पाम कर्नेल तेल असतं. ते दाणे आकार न सोडण्यासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे वितळवले तरी घट्ट राहतात आणि ट्रेमध्ये नीट पसरत नाहीत. लादीचं चॉकलेट घेऊन सुरीने चिरणं केव्हाही बरं.

पेपरमिंट बार्क

साधारण ९ बाय १३ इंचांच्या ट्रेसाठी:
डार्क चॉकलेट (६० टक्क्यांच्या आसपास) ३५० ग्रॅम
पांढरं चॉकलेट ४५० ग्रॅम
पेपरमिंट तेल एकूण पाव छोटा चमचा, त्याहून थेंबभरही जास्त नको
नेहमीच्या आकाराच्या ८ कँडी केन (लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, काठीसारख्या वाकवलेल्या पेपरमिंट गोळ्या), म्हणजे सुमारे १०० ग्रॅम

सुरुवात कँडी केनपासून करा, म्हणजे पुढे चॉकलेट वितळल्यावर धावपळ होत नाही. प्लॅस्टिक काढून केन दोन पदरी झिपलॉकमध्ये घाला, वरून जाड फडकं टाका आणि लाटण्याने ठोका. लाटणं फिरवायचं नाही, फिरवलं की पीठ होतं. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे झाले की थांबा. मग ते सगळं पिठाच्या चाळणीतून चाळा. वर राहतात ते तुकडे बार्कवर जातात, खाली पडते ती गुलाबी पूड वेगळी ठेवायची. पूड बार्कवर टाकली तर ओलावा ओढून चिकट होते आणि लाल रंग पांढऱ्या थरात उतरतो. चाळायला दोन मिनिटं लागतात, पण बार्क देखणी होते ती या चाळण्यामुळेच.

केन मोडक्या असल्या तरी चालतात, किंबहुना मोडक्याच घ्या. केन वळवताना तुटणं ही कारखानदारांचीही जुनी डोकेदुखी होती. जॉर्जियातल्या ऑल्बनी गावात बॉब मॅकॉर्मक यांचा गोळ्यांचा कारखाना होता. तिथे केन हाताने वाकवाव्या लागत आणि त्यात पुष्कळ वाया जात. त्यांचे मेव्हणे ग्रेगरी केलर हे कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी १९५० च्या दशकात केन वळवण्याचं यंत्र तयार केलं आणि तिथून कँडी केन एवढी स्वस्त झाली की आज डझनाचा खोका दोन-तीन डॉलरला मिळतो.

ट्रेला पार्चमेंट पेपर लावा, कडेने वर येईल असा, म्हणजे पुढे अख्खी लादी उचलता येते. वाडगं, चमचा, सुरी, थर्मामीटर सगळं कोरडं ठणठणीत पुसून घ्या.

डार्क चॉकलेटचे तीन सारखे भाग करा. दोन काचेच्या वाडग्यात घ्या, तिसरा बाजूला ठेवा. मायक्रोवेव्हची शक्ती निम्म्यावर आणा. आधी ३० सेकंद, मग १५-१५ सेकंद, आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून ढवळा. चॉकलेट आकार धरून बसलेलं दिसतं, पण आतून वितळलेलं असतं. डोळ्यांवर विसंबून आणखी वेळ लावला की करपतं. ४५ अंश सेल्सिअसला पोचलं की उरलेला तिसरा भाग थोडा थोडा टाकत ढवळत राहा. तापमान ३१-३२ अंशांवर आलं पाहिजे. याला टेम्परिंग म्हणतात. न वितळलेल्या चॉकलेटमधल्या कोको बटरचे कण बाकीच्याला योग्य तऱ्हेने गोठायला शिकवतात. त्याने बार्क चकचकीत होते, मोडताना 'कट्' आवाज येतो आणि हातात धरल्या धरल्या वितळत नाही. झालं का ते पाहायला सुरीच्या टोकाला थोडं लावून ठेवा. पाचेक मिनिटांत घट्ट आणि तुकतुकीत झालं तर जमलं. अजून ओलं किंवा डागाळलेलं दिसलं तर चॉकलेटचे आणखी दोन-चार तुकडे टाकून ढवळा.

आता निम्मं तेल यात घाला, ढवळा, ट्रेमध्ये ओता. उलथन्याने कडेपर्यंत पसरवा आणि ट्रे ओट्यावर दोन-चारदा हलकेच आपटा, बुडबुडे निघून जातात.

बार्क करणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार असते की मोडताना पांढरा थर वेगळा सुटतो. त्याचं कारण खालचा थर फ्रीजमध्ये ठेवून दगड केलेला असतो. तसं करू नका. घरात २० अंशांच्या आसपास तापमान असेल तर दहा-पंधरा मिनिटांत डार्क थराची ओली चमक जाते. बोट हलकेच टेकवलं तर चिकटत नाही, पण ठसा उमटतो. नेमकी तीच वेळ साधायची. तेवढ्यात पांढरं चॉकलेट त्याच रीतीने तयार करा, फक्त तापमान वेगळं: वितळवताना ४२-४३ अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि २८-२९ वर आणून उरलेलं तेल घाला. ते जास्त गरम ओतलं तर खालचा थर विरघळून पांढऱ्यात तपकिरी फराटे उठतात.

पांढरा थर पसरला की लगेच कँडी केनचे तुकडे भुरभुरा आणि तळहाताने अगदी अलगद दाबा. खोलीतच दोन-तीन तास राहू द्या. मग पार्चमेंटसकट लादी उचला आणि हाताने मोडा. वड्या पाडायच्या नाहीत, सुरी लावली की कँडी केन उडते. वेडेवाकडे तुकडे हेच बार्कचं रूप. इथे विल्यम्स-सोनोमा हे स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं दुकान १९९८ पासून दर ख्रिसमसला ती पत्र्याच्या डब्यातून विकतं, आणि त्यातलेही तुकडे असेच वाकडे असतात.

वितळवताना चॉकलेट एकदम रवाळ, घट्ट गोळा झालं तर त्यात पाणी गेलं असं समजा. ते परत सुटं होत नाही. टाकून मात्र देऊ नका. त्यात गरम दूध थोडं थोडं घालून ढवळा, छान दाट मिश्रण होतं, ते बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि चारेक दिवसांत दुधात घालून प्या. चाळलेली गुलाबी पूडही त्याच कपात जाते.

पेपरमिंट पॅटी

पॅटी म्हणजे आत पांढरं गार सारण आणि बाहेर डार्क चॉकलेटची चकती. आमच्यापासून तासाभरावर यॉर्क गाव आहे. तिथे हेन्री केसलर यांच्या कारखान्यात १९४० साली यॉर्क पेपरमिंट पॅटी निघाली. आता ती हर्शी या चॉकलेट कंपनीची आहे, पण या भागातल्या लोकांना ती अजून आपल्या गावची वाटते. म्हणून इथे घरच्या पॅटीचं जरा जास्त कौतुक होतं.

आयसिंग शुगर ३०० ग्रॅम, आणि लागली तर मूठभर जवळ ठेवा. कंडेन्स्ड मिल्क १०० ग्रॅम. मऊ लोणी एक मोठा चमचा, बिनमिठाचं. पेपरमिंट अर्क एक छोटा चमचा. इथे अर्क चालतो, कारण सारणात पाणी गेलं तरी बिघडत नाही. वरून बुडवायला डार्क चॉकलेट २५० ग्रॅम. मिक्सरमध्ये दळलेली घरची पिठीसाखर यात नको, कितीही बारीक केली तरी दाताखाली कचकच येते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडा कॉर्नस्टार्चही असतो, त्याने गोळा धरून राहतो.

साखर चाळून परातीत घ्या, मध्ये आळं करून बाकीचं घाला आणि मळा. पेढ्याचा खवा मळून मऊ होतो तसा गोळा व्हायला हवा, तुटणारा नाही आणि बोटाला लागणारा नाही. चिकटला तर साखर, भेगा पडल्या तर अर्धा चमचा कंडेन्स्ड मिल्क. अर्क दोन टप्प्यांत घाला आणि मध्ये चाखा. ताज्या गोळ्यात चव जराशी कमीच वाटली पाहिजे, कारण रात्रभरात पेपरमिंट सारणात मुरून वर येतं. इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो.

बारा-बारा ग्रॅमचे गोळे करा, तळहाताने चार सेंटिमीटरच्या चकत्या दाबा, पार्चमेंटवर मांडा. तिसेक होतात. उघड्यावरच दोन तास सुकू द्या, उलटा, पुन्हा दोन तास. रात्रभर राहिल्या तर फारच छान, वर कोरडी पापडी धरते आणि चॉकलेट त्यावर नीट बसतं. घाईत फ्रीझरमध्ये ठेवण्याचा मोह होतो. गारठलेल्या चकतीवर चॉकलेट आकसून तडकतं आणि फटीतून सारण बाहेर येतं.

चॉकलेट वरच्यासारखंच टेम्पर करा, त्यात पेपरमिंट घालू नका, सारणात पुरेसं आहे. चकती काट्यावर ठेवून बुडवा, उचला, काटा वाडग्याच्या कडेवर दोनदा टेकवा, म्हणजे जास्तीचं गळून जातं, आणि कागदावर अलगद सरकवा.

वेलची, केशर, गुलकंद घालू का, असं मला मैत्रिणी विचारतात. बाकीच्या चॉकलेटमध्ये खुशाल घाला, यात घालू नका. मेंथॉलपुढे वेलची कापरासारखी लागते आणि केशर तर कळतही नाही. ख्रिसमसचा हा पदार्थ इथल्या माणसांना लहानपणापासून माहीत असलेल्या चवीचाच द्यावा असं मला मनापासून वाटतं.

मुंबई, वसई किंवा गोव्यात करणार असाल तर डिसेंबरातही दुपारी तिशीच्या पुढे पारा जातो आणि हवेत दमटपणा असतो. तिथे टेम्परिंगच्या मागे लागू नका. मोर्डेसारखं कंपाउंड चॉकलेट घ्या, त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असल्याने टेम्परिंग लागत नाही. कँडी केन मिळाल्या नाहीत तर पारदर्शक, उकडलेल्या साखरेच्या पेपरमिंट गोळ्या फोडा. पोलोसारख्या दाबून केलेल्या गोळ्या फोडल्या की भुगा होतो. डबा हवाबंद करून फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास झाकण उघडू नका, नाहीतर बाहेरची वाफ कँडीवर बसून सगळं पाझरतं. थंड प्रदेशात फ्रीजची गरजच नाही. हीटरपासून दूर, बंद डब्यात दोन आठवडे सहज टिकतं. फक्त हा डबा वेगळा ठेवा. चिवडा, शंकरपाळी, नानकटाई शेजारी असली तर दोन दिवसांत तीही पेपरमिंटची लागते.

देताना पाकिटावर घटकांची चिठ्ठी लावते. त्यात दूध आणि सोया असतं, आणि चॉकलेटच्या पाकिटावर शेंगदाणे किंवा बदामाचा इशारा असेल तर तोही लिहिते. शाकाहारी मंडळींना सांगायला हरकत नाही की यात जिलेटीन नाही. साध्या कँडी केनमध्येही नसतं, तरी पाकीट वाचून घ्यावं. लहान बाळांना देऊ नका, कँडीचा तुकडा घशात अडकू शकतो. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रात्री खाऊ नये, पेपरमिंटने जळजळ वाढते. टपाल कर्मचाऱ्यांना इथल्या नियमाने एका वेळी २० डॉलरपर्यंतचीच भेट घेता येते आणि रोख पैसे चालत नाहीत, त्यामुळे सहा तुकडे बार्क आणि चार पॅटीचं पाकीट त्यांना निश्चिंत देता येतं. पेटीत नुसतं ठेवू नका, वर त्यांच्यासाठी असल्याचं लिहा, नाहीतर ते पाठवायचं टपाल समजून घेऊन जातात.