घर विकताना एजंटशी केलेला करार कसा संपवावा

फ्लॅट विकायला काढला, एजंटने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली, पहिले दोन-तीन रविवार पार्ट्या (घर बघायला येणारी गिऱ्हाइकं) आल्या आणि मग सगळं थंड पडलं. आता फोन केला की एकच उत्तर येतं, ‘मार्केट डाऊन आहे साहेब, रेट थोडा खाली घ्या.’ अशा वेळी बहुतेक मालक गुपचूप दुसरा एजंट गाठतात. नेमकं तेच करू नका. जुना करार जिवंत असताना घर विकलं गेलं, तर दोघंही दलाली मागायला येतात. ऐंशी लाखांच्या घरावर २ टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर आणखी १८ टक्के, म्हणजे २८ हजार ८००. हे दोनदा भरायची वेळ आली तर घर चांगल्या भावाने विकल्याचं समाधान तिथेच संपतं.

एजंटला काढणं तसं अवघड नाही. त्याने आजवर कोणकोणत्या पार्ट्या दाखवल्या, हे कागदावर पक्कं करून घेणं खरं महत्त्वाचं. पुढचे वाद जवळजवळ सगळे त्यावरूनच होतात.

पायरी १ : करार काढून वाचा

सही करताना वाचला नसेल तर आता वाचा. पहिल्यांदा मुदत बघा. तीन महिन्यांचा करार असेल आणि अडीच उलटले असतील, तर भांडण्यापेक्षा पंधरा दिवस थांबलेलं बरं. मात्र ‘लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढे चालू’ असं वाक्य आहे का, तेही तपासा. असेल तर मुदत संपण्याआधीच पत्र द्यायला हवं.

मग ‘एक्स्क्लुझिव्ह’ या शब्दाभोवती काय लिहिलंय ते पाहा. काही करारांत याचा अर्थ एवढाच, की दुसरा एजंट नेमायचा नाही. काहींत मात्र तुम्ही स्वतः आतेभावाला घर विकलंत तरी दलाली द्यावी लागेल असं लिहिलेलं असतं.

दलाली कधी देय होते, हेही शोधा. ‘खरेदीखत नोंदवल्यावर’ असेल तर उत्तम. ‘खरेदीदार दाखवल्यावर’ एवढंच असेल तर सावध राहा. काहीच लिहिलं नसेल तर भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २१९ तुमच्या बाजूने आहे : वेगळं ठरलेलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही.

करार लेखी नाहीच? आपल्याकडे जुन्या घरांचे कितीतरी व्यवहार तोंडीच चालतात. एकाला सांगितलं की तो आणखी चौघांना सांगतो. अशा ठिकाणी मुदतीचा प्रश्नच येत नाही, पण पत्र आणि पार्ट्यांची यादी तरीही करा.

पायरी २ : कायदा काय देतो, काय देत नाही

मालकाला एजंटचा अधिकार काढून घेता येतो, हे याच कायद्याच्या कलम २०१ मध्ये स्पष्ट आहे. ‘सही केली म्हणजे आता अडकलात’ हे एजंटचं म्हणणं खरं नाही. पण फुकट सुटता येईलच असंही नाही. मुदत ठरलेली असताना सबळ कारणाशिवाय मध्येच करार मोडला तर कलम २०५ प्रमाणे भरपाई द्यावी लागू शकते, आणि कलम २०६ प्रमाणे वाजवी नोटीस देणं भाग आहे. करारात दंडाचा आकडा छापलेला असला तरी घाबरून जाऊ नका. कलम ७४ नुसार तो आकडा फार तर कमाल मर्यादा ठरतो. कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई देतं.

म्हणून कारण महत्त्वाचं. फोन न उचलणं, तुम्ही सांगितलेल्या किमतीपेक्षा कमी किमतीची जाहिरात टाकणं, न विचारता घर दाखवणं, खरेदीदाराकडूनही छुपा मोबदला घेणं, यातलं जे घडलं असेल त्याचे तारखेसह पुरावे जमवा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून देता येतात, त्यामुळे मूळ फोनही सांभाळा.

एका परिस्थितीत मात्र करार मोडायला जाऊच नका. एजंटने आणलेल्या पार्टीकडून तुम्ही टोकन घेतलं असेल किंवा इसारपावती झाली असेल, तर त्या व्यवहारापुरतं त्याचं काम झालेलं आहे. आता त्याला बाजूला सारून दलाली वाचवायचा प्रयत्न कोर्टात टिकणं कठीण, आणि मला विचाराल तर तो करूही नये.

पायरी ३ : आधी बोला, मग लिहा

हा माणूस तुमच्याच भागात काम करतो. वॉचमनशी त्याची ओळख असते, शेजारच्या विंगमधल्या दोन फ्लॅटच्या किल्ल्याही त्याच्याकडे असतात. चिडून तोडलंत तर ‘त्या घराच्या टायटलमध्ये काहीतरी लफडं आहे’ एवढं तो चहाच्या टपरीवर बोलला तरी पुरे. तेव्हा समोर बसून सांगा, ‘दादा, तीन महिन्यांत काम पुढे सरकलं नाही. मला दुसरीकडेही बघायचंय. तुमच्या पार्ट्या तुमच्याच राहतील.’ हे शेवटचं वाक्य गाठी सोडवतं. बरेच एजंट यावर राजी होतात, कारण रेंगाळलेल्या घरात त्यांनाही रस उरलेला नसतो. तो अडून बसला तर मधला मार्ग सुचवा : एक्स्क्लुझिव्ह काढून टाका आणि इतरांसारखा तोही गिऱ्हाईक आणू दे. फोटोग्राफर किंवा सशुल्क जाहिरातीचा खर्च त्याने खरंच केला असेल तर पावत्या मागून तो देऊन टाका. दलालीच्या मानाने ती रक्कम किरकोळ असते.

पायरी ४ : पत्र

स्टॅम्पपेपर नको, वकिली भाषाही नको. एवढं पुरे :

‘माझ्या अमुक सोसायटीतील फ्लॅट क्र. __ च्या विक्रीसाठी आपल्याशी दि. __ रोजी केलेला करार मी दि. __ पासून संपवत आहे. करारातील __ दिवसांच्या नोटिशीची अट यात पाळली आहे. या तारखेनंतर माझ्या वतीने घर दाखवू नये, जाहिरात करू नये किंवा कोणाकडूनही रक्कम स्वीकारू नये. आपण आजवर प्रत्यक्ष घर दाखवलेल्या व्यक्तींची नावे व तारखा सात दिवसांत लेखी कळवाव्यात. किल्ल्या, कागदपत्रांच्या प्रती परत कराव्यात व जाहिराती काढाव्यात.’

घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या हव्यात. पत्र हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ म्हणून सही घ्या. ती मिळाली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा घ्या. (टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन केलं आहे, त्यामुळे ‘रजिस्टर एडी’साठी काउंटरवर हटून बसू नका.) तेच पत्र ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे अधिकार संपल्याचं एजंटला कळतं तेव्हापासून ते त्याच्यावर लागू होतं, म्हणून पोच हवीच.

पायरी ५ : पार्ट्यांची यादी

करार संपल्यावरही ‘आम्ही दाखवलेल्या व्यक्तीने सहा महिन्यांत घर घेतल्यास दलाली देय’ असं कलम अनेक करारांत असतं. ते अन्यायाचं नाही. एजंटने मेहनत करायची आणि आपण परस्पर व्यवहार उरकायचा, हे कोण सहन करेल? गैरवापर यादीत होतो. फोनवर नुसती चौकशी केलेले, पोर्टलवर क्लिक केलेले, असे सगळे घुसडून चाळीस नावं दिली जातात.

यावर उपाय तुमच्या सोसायटीच्या गेटवरच आहे. व्हिजिटर रजिस्टर किंवा मायगेटसारख्या अ‍ॅपमधल्या नोंदी उघडा. कोणत्या तारखेला एजंटबरोबर कोण आलं, हे तिथे दिसतं. ती नावं त्याच्या यादीशी ताडून पाहा आणि उत्तर लिहा, ‘खालील सात जणांना आपण घर दाखवल्याचं मान्य. बाकीच्यांबाबत नाही.’ त्या सात जणांपैकी कोणी अमुक तारखेच्या आत घर घेतलं तर ठरलेली दलाली देईन, असंही लिहा. सात दिवसांत यादी आलीच नाही, तर तुमच्याकडच्या नोंदींवरून तुम्हीच बनवून पाठवा.

पायरी ६ : किल्ली, कागद, जाहिराती

किल्ली परत आली तरी लॅच बदला. तिच्या किती नकला निघाल्या असतील, कोण सांगणार? मूळ कागद, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), एजंटकडे मुळात जाऊच द्यायचे नसतात. त्याचं येणं बाकी असेल तर करार कायद्याचं कलम २२१ त्याला मालकाचे कागद अडवून ठेवायचा हक्क देतं. पोर्टलवरच्या जुन्या जाहिराती स्वतः शोधा, लिंक पाठवून काढायला लावा, नाहीतर पोर्टलकडे मालक म्हणून तक्रार करा. एकच घर तीन वेगवेगळ्या किमतींना दिसलं की येणारा खरेदीदार सर्वांत खालचा आकडा धरून बसतो.

परदेशात राहणाऱ्या मालकांनी कधीकधी एजंटलाच कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, दिलेलं असतं. ते असेल तर साधं पत्र पुरत नाही. मुखत्यारपत्र नोंदणीकृत असेल तर रद्द करण्याचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, कारण तिसऱ्या माणसाच्या बाबतीत अधिकार संपतो तो त्याला कळल्यावर. हे काम मात्र वकिलाकडूनच करून घ्या.

तरीही ऐकत नसेल तर

‘सोसायटीची एनओसी मिळू देणार नाही’, ‘रजिस्ट्रेशन अडवतो’ अशा धमक्यांमध्ये फारसा दम नसतो. दलालीच्या वादाशी सोसायटीचा संबंध नाही, आणि कोर्टाचा आदेश नसेल तर दुय्यम निबंधकाचाही नाही. वकिलाची नोटीस आली तर मात्र गप्प बसू नका, लेखी उत्तर द्या. महारेराकडे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे) धाव घेण्याआधी एक लक्षात घ्या : रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी सक्तीची आहे. वीस वर्षं जुन्या इमारतीतल्या फ्लॅटची फेरविक्री साधारणपणे त्या चौकटीत बसत नाही. सेवेतल्या त्रुटीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

नव्या एजंटचा करार जुन्याची तारीख उलटल्यावरच्या दिवसाचा करा. मान्य केलेल्या सात नावांची यादी त्याला पहिल्याच भेटीत द्या आणि त्या नावांवर त्याला दलाली मिळणार नाही, असं करारातच लिहून घ्या.