कॅलिफोर्नियात चार्टर शाळेच्या इंडिपेंडंट स्टडीत मुलाचं नाव घालण्यापूर्वी

घरी शिकवायचं ठरलं आणि त्यासाठी चार्टर शाळा (सरकारी पैशांवर चालणारी, पण कारभार स्वतंत्र मंडळाकडे असलेली शाळा) निवडली, की एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. या ‘इंडिपेंडंट स्टडी’त मूल घरी शिकेल, पण कागदोपत्री ते सरकारी शाळेत असेल. राज्य शाळेला पैसे देतं ते हजेरीवर. वर्गच भरत नाही तिथे हजेरी सिद्ध होते ती कागदांनी, त्यामुळे पुढची जवळजवळ सगळी तयारी कागदांचीच आहे.

सुरुवात पत्त्यापासून. शाळा ज्या काउंटीत (राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नोंदलेली आहे तिथे किंवा तिला लागून असलेल्या काउंटीत तुमचं घर हवं. अलामेडा काउंटीतल्या फ्रीमाँटचं मूल शेजारच्या सांता क्लारा काउंटीतल्या शाळेला चालतं, सॅक्रामेंटो काउंटीतल्या शाळेला चालत नाही. वीजबिल किंवा भाडेकरार, लसीकरणाची नोंद, जन्मदाखला एका फायलीत लावून ठेवा. आधी घरचीच खाजगी शाळा म्हणून नोंद करणारं होमस्कूलचं प्रतिज्ञापत्र भरलं असेल तर तो मार्ग बंद करून मगच इकडे या. सरकारी शाळेत नाव आणि घरची खाजगी शाळा, दोन्ही एकदम चालत नाही.

मग लेखी करार, ज्याला सगळे ‘मास्टर अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. कुठले विषय, शिक्षकांना किती दिवसांनी भेटायचं, काम कधी द्यायचं, किती काम चुकलं तर काय होणार, हे सगळं त्यात असतं. त्याची मुदत जास्तीत जास्त एका शालेय वर्षाची. सही करण्याआधी शिक्षकांबरोबर बैठक मागायचा हक्क तुम्हाला आहे, तो जरूर वापरा. वर्षभरासाठी नाव घालताय तर सगळ्यांच्या सह्या अभ्यास सुरू होण्यापूर्वी झालेल्या हव्यात. आपल्याकडच्या लोकांची इथे हमखास गडबड होते ती तारखेत. पाच सप्टेंबरला हाताच्या सवयीने ५/९ लिहिलं, की अमेरिकेत ते नऊ मे होतं. ऑडिटरला त्या कागदात मे महिनाच दिसतो. महिना अक्षरात लिहा, प्रश्नच मिटतो.

रोजच्या नोंदीसाठी घरात एक ठरलेली जागा करा. शाळेच्या प्रत्येक दिवशी मुलाने अभ्यास केला अशी खूण त्याच दिवशी करायची. महिनाअखेरीस बसून वीस खुणा एका दमात करणं, किंवा पुढच्या आठवड्याच्या आजच करून मोकळं होणं, दोन्ही चूक. राज्याला नोंद वेळच्या वेळी केलेली हवी आहे, आणि शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. शिवाय दर विषयाचे कामाचे नमुने लागतात. त्यावर मुलाचं नाव, तारीख आणि शिक्षकांनी तपासल्याची खूण हवी. हजेरी धरताना शिक्षक पाहतात ते हेच, की हे काम किती दिवसांच्या अभ्यासाच्या मोलाचं आहे. चकचकीत प्रोजेक्टपेक्षा खाडाखोड केलेलं गणिताचं पान चांगलं, असं माझं मत.

पैशांबद्दल गैरसमज फार. ‘शाळा अमुक इतके डॉलर देते’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. कुटुंबाच्या हातात रोख काही येत नाही. वर्गात बसणाऱ्या मुलाला जे कायद्याने देता येत नाही, ते घरी शिकणाऱ्यालाही देता येत नाही. पुस्तकं, तबल्याचा किंवा चित्रकलेचा क्लास शाळेने मान्य केलेल्या व्हेंडरकडूनच, ऑर्डर शाळेच्या नावाने, आणि टिकाऊ वस्तू शाळेच्या मालकीची. क्लास आधी लावून बिल नंतर पुढे करू नका. धार्मिक शिक्षणाचं साहित्य यात बसत नाही. बालविहारचा (मुलांच्या हिंदू संस्कारवर्गाचा) खर्च स्वतःच्या खिशातून.

ही कटकट का, हे कळायला ‘ए-थ्री’ या चार्टर शाळा चालवणाऱ्या कंपनीचं प्रकरण माहीत हवं. २०१९ मध्ये सॅन दिएगो काउंटीत ११ जणांवर आरोप ठेवले गेले. १९ ऑनलाइन चार्टर शाळांच्या जाळ्यातून ५ कोटी डॉलरहून अधिक सरकारी पैसा लाटला गेला होता. उन्हाळी क्रीडा संघांच्या याद्या घेऊन मुलांची नावं शाळेत चढवली गेली, आणि कित्येक घरांना त्याचा पत्ताही नव्हता. शॉन मॅकमॅनस आणि जेसन श्रॉक या सूत्रधारांनी २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. त्यातल्या काही शाळांना मंजुरी देणारे शालेय जिल्हे (स्कूल डिस्ट्रिक्ट) अगदी चिमुकले होते, आणि देखरेखीचं शुल्क म्हणून शाळेच्या उत्पन्नातला हिस्सा त्यांनाच मिळत होता. शुल्क घेणाराच पहारेकरी असेल तर तो कितीसा भुंकणार? २०२० पासून वर्गाबाहेर शिकवणाऱ्या नव्या चार्टर शाळांना बंदी घातली गेली आणि ती पुढे वाढवली गेली.

तेव्हा शाळेला चार प्रश्न विचारून घ्या. ८० टक्क्यांपेक्षा कमी शिक्षण वेळ वर्गात देणाऱ्या चार्टरला निधी किती मिळावा हे राज्य शिक्षण मंडळ ठरवतं. पूर्ण निधीसाठी सरकारी उत्पन्नाच्या निदान ४० टक्के रक्कम प्रमाणपत्रधारक शिक्षकांच्या पगार-भत्त्यांवर आणि एकूण उत्पन्नाच्या निदान ८० टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी लागते. एका शिक्षकामागे साधारण २५ मुलांची मर्यादाही आहे. काउंटीतल्या सर्वांत मोठ्या ‘युनिफाइड’ (बालवाडी ते बारावी एकत्र चालवणाऱ्या) शालेय जिल्ह्याचं प्रमाण पाहून ती वर सरकू शकते. तुमच्या शाळेला किती टक्के मंजूर झाले, किती वर्षांसाठी, शिक्षकामागे खरोखर किती मुलं आहेत, आणि मागच्या ऑडिटमध्ये काय आक्षेप होते? चार्टरच्या संचालक मंडळाच्या बैठका खुल्या असतात, नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. एकदा जाऊन बसाच. तिथे कोण कुणाला कंत्राट देतंय हे ऐकलं की शाळा कळते.

ऑनलाइन तासांचं वेळापत्रक आधी मागा. लहानांना, म्हणजे तिसरीपर्यंत, रोज शिक्षकांबरोबर थेट शिकण्याची संधी असायला हवी. चौथी ते आठवीला रोज संपर्क आणि आठवड्यातून निदान एकदा थेट शिकवणं. पुढे आठवड्यातून एकदा. वसंतातल्या राज्य परीक्षांच्या तारखाही घरच्या कॅलेंडरवर टाका.

शेवटी भारतवारी. डिसेंबरात पुण्याला जायचं असेल तर तिकिटाआधी शिक्षकांशी बोला. परदेशातून केलेला अभ्यास हजेरीत धरतात का, शाळेचा लॅपटॉप देशाबाहेर नेता येतो का, दोन्हींचं उत्तर ईमेलवर मागा. कॅलिफोर्नियातला सकाळी दहाचा तास तेव्हा पुण्यात रात्री साडेअकराला येतो. आजीच्या घरी त्या वेळी मूल जागं राहणार आहे का, हे ठरवूनच तिकीट काढा, किंवा शाळेची सुट्टी सुरू होण्याच्या दिवशी विमानात बसा.